कुणाच्या घरचं, ते विचारायचं नाही

कुंदाताई गेल्याचं मला कुणा माणसाने सांगितलं नाही. फ्लेक्सने सांगितलं. नाशिकहून, लेकीकडून परत येत होते, मोबाइल केव्हाच मान टाकून पर्समध्ये पडला होता. गोडदेव नाक्यावर रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली, म्हणून सहज वर बघितलं. विजेच्या खांबाला बांधलेला कोरा करकरीत फ्लेक्स. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. वर आमच्या भागातले भाऊ, हात जोडून, कंबरेपासून वर, चांगले पुरुषभर. खाली त्यांच्या कार्यकर्त्यांच्या दोन रांगा, त्यातल्या एकाने तर गॉगलसुद्धा काढलेला नाही. आणि या सगळ्या गर्दीच्या मधोमध एका छोट्या गोलात... कुंदाताई. आमची. माझ्या बाजूच्या दाराची. ती सकाळी गेली होती आणि मी दुपारी नाक्यावर होते. म्हणजे तिला अजून आंघोळही घातली नव्हती तेव्हा कुणीतरी कम्प्युटरसमोर बसून तिचं तोंड गोलात बसवत होतं. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, “आपके पहचान की थीं क्या? बडे लोगों में उठना-बैठना था उनका.” कुणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटली मला, पण देणार कुणाच्या?

त्या फोटोत तिच्या डाव्या खांद्यावर एक हात होता. नुसता हात. मनगटापासून पुढचा, गुबगुबीत, बोटात जाडजूड सोन्याची अंगठी. हाताचा मालक कापून टाकला होता, कारण तो वर मोठ्ठा होताच. त्या हाताकडे बघून मला जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही. आता काही आठवडे झाले. लोक सांगतात, गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर राग बाजूला ठेवून लिहा. कुंदाताईबद्दल माझा राग नाहीच. पण ज्यांच्याबद्दल आहे तो का म्हणून बाजूला ठेवू? भाऊंचं नाव मात्र लिहिणार नाही. फुकट जाहिरात कशाला.

मी आयुष्यभर एका सरकारी खात्यात टेबलामागे बसले. लग्नानंतर परळला एका खोलीत संसार, मग परवडेल असा ब्लॉक शोधत शोधत इकडे भाईंदरला. नातेवाईक म्हणाले होते, “एवढ्या लांब? तिकडे आहे कोण तुमचं?” खरंच कुणी नव्हतं. चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, कुणी रत्नागिरीचे, कुणी कच्छचे, कुणी जौनपूरचे, जिन्यात भेटलं की हसायचं आणि आपापल्या दाराआड जायचं. सामानाची खोकी अजून सुटली नव्हती आणि माझे यजमान गेले. ऑफिसातच छातीत दुखलं, संपलं. संध्याकाळी स्मशानातून माणसं परत आली, परळहून आलेले पाहुणे भिंतीला टेकून बसले, लेक लहान, ती माझ्या मांडीत. आणि एवढ्या लोकांना खायला काय द्यायचं हा विचार त्या अवस्थेतही माझ्या डोक्यात फिरत होता, कारण बाईच्या डोक्यातून तो काही केल्या जात नाही. तेवढ्यात दार वाजलं. उघडलं तर एक सावळी, काटक बाई, पदर खोचलेला, दोन्ही हातांत फडक्याने धरलेलं भलंमोठं स्टीलचं पातेलं. “सरका वहिनी. गरम हाय,” म्हणाली आणि सरळ आत आली.

मुगाची मऊ खिचडी होती. जिऱ्याची फोडणी, हळद, मीठ, दुसरं काही नाही. ती स्वतः वाढत सुटली. पाहुण्यांतला एक जण नको नको म्हणत होता, त्याला म्हणाली, “रडायला पण ताकद लागते, खावा गुमान.” दुसऱ्या दिवशी मी पातेलं घासून-पुसून, आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत म्हणून आत वाटीभर साखर घालून तिच्याकडे गेले. तिने साखर बघितली आणि तोंड वाकडं केलं. “ही काढा. हे पातेलं रिकामंच परत येतं.” मी म्हटलं, “निदान कुणाच्या घरचं होतं ते तरी सांगा, आभार मानायला हवेत.” “कुणाच्या घरचं, ते विचारायचं नाही,” म्हणाली आणि दार लावून घेतलं. मला तर बाई चांगलीच उद्धट वाटली.

उद्धट होतीच. संतबिंत अजिबात नव्हती, कुणी तसं म्हणालं असतं तर शिवी हासडली असती. सकाळी मिश्री लावल्याशिवाय तिचं तोंड उघडत नसे आणि एकदा उघडलं की मिटत नसे. टीव्हीचा आवाज एवढा की तिच्या मालिका मी माझ्या घरात बसून ऐकायचे. तळमजल्यावरच्या नसीमआपाशी तर तिचं वर्षानुवर्षांचं वैर. हिच्या दोरीवरच्या कपड्यांचं पाणी आपाच्या वाळवणावर ठिबकायचं, मग आपा खालून ओरडायची, ही वरून, आणि सगळी बिल्डिंग गॅलरीत. पण ते पातेलं... त्या पातेल्याचे नियम तिने घालून दिले होते, आणि ते मोडायची कुणाची टाप नव्हती.

नियम असे. बिल्डिंगमध्ये कुणाकडे मयत झालं की कुंदाताई रिकामं पातेलं आपल्या उंबऱ्यावर ठेवायची आणि स्वतः दाराकडे पाठ करून आत बसायची. ज्याला जमेल त्याने येऊन मूठभर, वाटीभर तांदूळ नाही तर डाळ त्यात ओतायची आणि निघून जायचं. ती वळून बघायची नाही. कुणी किती टाकलं, कुणी टाकलंच नाही, कुणाच्या डब्यात त्या दिवशी टाकण्यासारखं काही नव्हतं म्हणून त्याने नुसताच हात घालून बाहेर काढला... काही म्हणजे काही बघायचं नाही. मग ती तेच सगळं एकत्र शिजवून मयताच्या घरी न्यायची. राजापूरकडचं तिचं गाव, तिकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, भावकी जेवण आणते. “हितं भावकी खयसून आणू?” ती एकदा मला म्हणाली. “मग केली बिल्डिंगचीच भावकी.” कांदा-लसूण का नाही ते मला तेव्हा कळलं. आमचे सेक्रेटरी शहाकाका आणि आणखी दोन घरं जैन. त्यांनाही टाकता यायला हवं आणि त्यांच्या घरी वेळ आली तर त्यांना खाताही यायला हवं, म्हणून तिने स्वतःच्या जिभेला न रुचणारी खिचडी कायमची ठरवून टाकली. एरवी लसणाच्या चटणीशिवाय तिचा घास उतरत नसे.

नसीमआपाचा नवरा गेला तेव्हा पातेलं उंबऱ्यावर आलं आणि कुणीतरी जिन्यात कुजबुजलं, “त्यांच्याकडेपण?” कुंदाताई पाठ करूनच बसली होती. वळली नाही. मोठ्यांदा म्हणाली, “भूक लागते ना त्यांना? का त्येंच्यात पोट नसतं?” संध्याकाळी ती पातेलं घेऊन खाली गेली, ज्या बाईला आदल्याच आठवड्यात तिने शिव्या घातल्या होत्या तिला हाताने ताट वाढलं. आपा रडत म्हणाली, “हमारे में भी मय्यत के घर चूल्हा नहीं जलता, कुंदा.” “ठाऊक हाय. खा,” ही म्हणाली. त्यानंतरच्या प्रत्येक पातेल्यात आपाचे तांदूळ असायचे. कपड्यांवरून भांडण मात्र पुढच्या महिन्यापासून पुन्हा सुरू झालं.

पातेलं आलं कुठून तेही सांगायला हवं. कुंदाताईचा नवरा फार लवकर गेला, पोरगा महेश तेव्हा शाळेत. ती इथल्याच एका स्टील भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला लागली. दिवसभर चाकावर भांडं धरायचं, अंगावर काळी भुकटी, नाकातोंडात काळी भुकटी. हजारो भांडी तिने आरशासारखी चकचकीत केली असतील. हे एक पातेलं साच्यातून निघतानाच काठाला वाकडं झालं, बाजारात जाण्यालायक राहिलं नाही, म्हणून शेठने “घेऊन जा” म्हटलं. त्याच्यावर कुठलंही झाकण बसत नाही. ती वर परात उपडी घालायची. पुढे खोकला धरला, धाप लागायला लागली, आणि मग शेठने तिलाही तसंच घरी पाठवलं. फंड नाही, औषधपाणी नाही, कामाला होती याचा कागदही नाही. भुकटी तेवढी मिळाली, ती छातीत घेऊन आली.

मग तिच्या पेन्शनची भानगड सुरू झाली. निराधार बाईला सरकार महिन्याचं काही देतं, तो तिचा हक्क आहे, हे मीच तिला समजावलं. माझं आयुष्य सरकारी टेबलावर गेलेलं, मला वाटलं हे मी चुटकीसरशी करून देते. कागद जमवले, तिला घेऊन गेले. खिडकीतला माणूस वाईट नव्हता हो. चहा विचारला त्याने. कागद बघून म्हणाला, “सगळं बरोबर आहे मॅडम. पण भाऊंच्या ऑफिसमधून या ना, लवकर होतं.” मी म्हटलं, “अर्ज सरकारचा, मंजुरी सरकारची, भाऊ मध्ये कुठून आले?” तो हसला. म्हणाला, “मेळाव्यात वाटप असतं ना.” त्याने पैसे मागितले असते तर मला कळलं असतं, तसली माणसं मी पोत्याने पाहिली आहेत. याला पैसे नको होते. त्याला एवढंच हवं होतं की बाईने जे तिचं आहे ते भाऊंच्या हातून घ्यावं, स्टेजवर, खाली वाकून, कॅमेऱ्याकडे बघून. मी घरी येऊन आंघोळ केली त्या दिवशी, एवढी किळस आली.

आणि हे काही एका पेन्शनचं नाही. आमच्याकडे पाण्याचा टँकर येतो त्यावर भाऊ. पाणी धरणाचं, कर आमचा, दात भाऊंचे. छत्र्यांवर भाऊ, वह्यांवर भाऊ, गटाराचं झाकण बदललं की त्याच्या बाजूला ‘भाऊंच्या प्रयत्नांना यश’. एकदा मी चिडून म्हटलं, “आता श्वास घेतला की तोही भाऊंच्या सौजन्याने म्हणायचं का?” कुंदाताई खोकत खोकत हसली. म्हणाली, “मला तर तो पण पुरत नाय वहिनी, त्येंनला सांगा जरा जास्त सोडा.” पण मेळाव्याला जायला तिने साफ नकार दिला. “माजा असंल तर टपालाने येऊ दे. नसंल तर नको. ज्याला नड हाय त्याला आनखी वाकवायचा, हे कसला देणा?” टपालाने काही आलं नाही. अर्ज पडून राहिला, ती लोकांची भाजी निवडून देऊन, गोधड्या शिवून, महेशच्या ड्रायव्हरकीवर दिवस काढत राहिली. तिचं तोंड कुणाच्या कॅमेऱ्याला मिळालं नाही.

एकदाच मिळालं. तिसऱ्या मजल्यावर सुनीताभाभी राहते. जौनपूरकडची, वय काहीच नाही. तिचा नवरा पेणकरपाड्याला एका साइटवर परांचीवरून पडला. पातेलं गेलं, नेहमीसारखं. पण खिचडी एका संध्याकाळची, पुढे दोन पोरं आणि खोलीचं भाडं. तिचाही अर्ज तसाच लटकला, आणि भाऊंच्या ऑफिसातल्या एका पोऱ्याने जिन्यात येऊन गोड आवाजात सांगितलं, “तुमच्या बिल्डिंगच्या कुंदाताई स्टेजवर आल्या तर भाभीचंपण होऊन जाईल. भाऊंना ज्येष्ठांचा आशीर्वाद पाहिजे.” म्हणजे यांनी लक्षात ठेवलं होतं! एक म्हातारी येत नाही हे यांना खुपत होतं. मी म्हटलं, अजिबात जायचं नाही. कुंदाताईने दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं लुगडं काढलं आणि गेली. जेसल पार्कच्या बाजूला मंडप होता. मी खाली खुर्चीत बसले होते, दातओठ खात. तिचं नाव पुकारलं, भाऊ पुढे आले, तिच्या खांद्यावर हात टाकला आणि माइकवर म्हणाले, “ही माझी आईच आहे.” टाळ्या. फ्लॅश. हातात एक पिशवी दिली, तिच्यावरही भाऊच. परतीच्या रिक्षात मी बोलतच नव्हते. ती बाहेर बघत म्हणाली, “फुगू नका वहिनी. तोंडच घेतलान ना माजा? हात हायत अजून.” घरी आल्यावर तिने ती पिशवी उलटी केली, भाऊ आतल्या बाजूला गेले, आणि त्यात कांदे भरून दाराच्या खिळ्याला टांगली. सुनीताभाभीचे पैसे पुढच्याच महिन्यापासून सुरू झाले. कुंदाताईचे मात्र ती असेपर्यंत आले नाहीत.

आपल्या मरणाबद्दल ती मजेत बोलायची. “मी गेले का पातेलं कोन चडवनार? गॅस तर माजाच बंद असनार तवा!” आणि खो खो हसायची. मी म्हणायचे, गप्प बस. तो प्रश्न खरा होता, हे मला त्या दिवशी कळलं.

रिक्षातून उतरून वर गेले तेव्हा तिला निजवलं होतं. तोंड शांत होतं, गोलातल्यासारखं नाही. संध्याकाळी माणसं स्मशानातून परत आली. महेश भिंतीला टेकून बसला होता, डोळे कोरडे, कुठेतरी भलतीकडेच बघत. आणि जिन्यात बुटांचा आवाज झाला. तीन-चार जण, पांढरे शर्ट, हातांत खोकी. खोक्यांत पुलावाची पाकिटं, गरम गरम, आणि प्रत्येक पाकिटावर स्टिकर. हात जोडलेले भाऊ. ‘दुःखात सहभागी’. मी खोटं सांगत नाही, स्टिकर होते. म्हणजे मयताच्या जेवणाचे स्टिकर यांच्याकडे छापून तयार असतात. एकाने मोबाइल काढला, दुसऱ्याने महेशला दंडाला धरून उठवलं आणि त्याच्या हातात पाकीट दिलं. “दादा, जरा इकडे बघा. एकच फोटो. भाऊंना पाठवायचाय.” पोरगं बिचारं बघायला लागलं. त्याला काही कळतच नव्हतं, कुणी म्हटलं असतं उडी मार तर त्याने मारली असती.

मी मध्ये गेले. काय बोलले ते सगळं इथे छापता येणार नाही. माझ्या तोंडात असले शब्द आहेत हे मलाही तेव्हाच कळलं, बहुधा बाजूच्या दारातून इतकी वर्षं ऐकून मुरले असावेत. मोबाइलवाला मागे सरला, पण शहाकाका पुढे आले, हात जोडून, माझ्यापुढे. “बेन, ले लो ना. पानी के कनेक्शन का काम अटका है. अभी झगडा मत करो.” आणि मी बघत राहिले. पाकिटं हातोहात खाली-वर जायला लागली. ज्यांच्या ज्यांच्या घरी दुःखात त्या वाकड्या पातेल्यातून वाढलं गेलं होतं, त्यांनीच दोन-दोन उचलली, एक मुलांसाठी म्हणून. ज्यांना कांदा चालत नाही त्यांनीसुद्धा घेतली, कामवालीला देऊ म्हणून. भाऊंची किळस मला होतीच, ती जुनी. त्या संध्याकाळी आमची सगळ्यांची आली. बाई अजून पुरती जळलीही नसेल, आणि तिच्या दारात आम्ही फुकटच्या पुलावासाठी हात पुढे करत होतो...

तेवढ्यात नसीमआपा गुडघे धरत धरत वर आली. सरळ आत गेली, कुंदाताईच्या ओट्याखालून पातेलं ओढून काढलं आणि मला म्हणाली, “ये घर का चूल्हा आज नहीं जलेगा. तेरा तो जलता है ना? चल.” आम्ही दोघींनी ते माझ्या उंबऱ्यावर ठेवलं आणि आत जाऊन दाराकडे पाठ करून बसलो. मी पहिल्यांदाच त्या बाजूला बसले होते. फार अवघड असतं ते. मागे पावलं वाजतात, मान आपोआप वळायला बघते. किती जण आले मला माहीत नाही. उठून बघितलं तेव्हा पातेलं अर्धंसुद्धा भरलं नव्हतं. एवढ्या मोठ्या बिल्डिंगमध्ये तिच्यासाठी तेवढंच जमलं. शिजवली. जरा खालून लागली. महेशला वाढली, त्याने पहिला घास घेतला, चावला, आणि तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं. “मीठ कमी आहे,” म्हणाला. “आई जास्त घालायची.”

फ्लेक्स मात्र राहिला. दहावा झाला, तेरावा झाला, कुंदाताई खांबावरच. खाली पानाची टपरी, लोक तिथे उभे राहून पिचकाऱ्या मारतात. महेशला रोज गाडीवर जाताना आईच्या खांद्यावरचा तो हात दिसायचा. तो मला म्हणाला, “काकी, मी रस्ता बदललाय.” मी तक्रार केली. आधी मोबाइलवर, संध्याकाळपर्यंत उत्तर आलं, ‘तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे.’ बाहेर जाऊन बघितलं तर फ्लेक्स जिथल्या तिथे. मग स्वतः गेले. या टेबलावरून त्या टेबलावर. एक साहेब म्हणाले, अतिक्रमण विभाग. अतिक्रमणवाले म्हणाले, श्रद्धांजलीचा आहे मॅडम, काढला तर लोकांच्या भावना दुखावतील. मी म्हटलं, कुणाच्या? त्याने फाइल मिटली. मग हळूच म्हणाला, “तुम्ही एकदा भाऊंच्या ऑफिसमध्ये बोलून घ्या ना.” तिचं मेलेलं तोंड परत मागायलाही त्यांच्याच दारात! मी जिन्यातच थुंकले. सरकारी जिन्यात, आयुष्यात पहिल्यांदा.

आणि एका सकाळी दूध आणायला गेले तर नाक्यावर लोक वर बघत उभे. फ्लेक्सच्या मधोमध एक भोक. गोल, अगदी काळजीपूर्वक, कात्रीने कापलेलं. कुंदाताई नाही. तो हात मात्र तिथेच ठेवलेला. कापणाऱ्याने बोटांच्या कडेकडेने कात्री फिरवली होती, अंगठीसकट हात भोकाच्या काठावर लटकत होता, कुणालाच न धरता. भाऊ आणि त्यांच्या दोन्ही रांगा एका भोकाला हात जोडून उभ्या होत्या. भोकातून पलीकडची वायर दिसत होती आणि तिच्यावर एक कावळा बसला होता. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा पोटातून हसले. टपरीवालाही हसला, मग इकडेतिकडे बघून चूप झाला.

दुपारी ते आलेच. तेच पांढरे शर्ट. बिल्डिंगच्या खाली उभे राहून आवाज चढवला, “किसने काटा? नाम बोलो. भाऊंचा अपमान आहे हा.” धमकी स्पष्ट होती. पाण्याचं कनेक्शन आहेच, आणि वर एकाने बोट दाखवून सांगितलं, “किस किस का पेन्शन हमारे ऑफिस से हुआ है, सब मालूम है.” गॅलऱ्या भरल्या होत्या. सुनीताभाभी पोरांना पदराखाली घेऊन उभी होती. ज्या लोकांनी दोन-दोन पाकिटं उचलली ते आता तोंड उघडायला कितीसा वेळ लावणार? मी शहाकाकांकडे बघितलं. चष्मा पुसत होते. तो त्यांनी डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “हमारे यहाँ किसके घर का है, ये पूछते नहीं.”

“म्हणजे?”

“पूछते नहीं. रिवाज है.” आणि पाठ वळवून जिना चढायला लागले. मग कुणीतरी वरून म्हणालं, “विचारायचं नसतं.” मग दुसरं कुणी. नसीमआपा दारात बसून तांदूळ निवडत होती, तिने मान वर न करता म्हटलं, “सुना नहीं? पूछने का नहीं.” आणि एकेक करून सगळ्या गॅलऱ्यांनी पाठ फिरवली. ते बराच वेळ खाली उभे होते. कनेक्शन अजून झालेलं नाही, पेन्शनींचं काय होईल ठाऊक नाही. कात्री कुणी चालवली हेही मी इथे लिहिणार नाही. तुम्हीपण विचारू नका.

यात काही फार मोठं झालं असं मला वाटत नाही. भाऊ तसेच आहेत, फ्लेक्स बदलून त्यांच्या वाढदिवसाचा लागला. त्या भोकातला तुकडा एका सकाळी महेशच्या दाराच्या फटीतून आत सरकवलेला सापडला. त्याच्याकडे आईचा दुसरा फोटोच नाही. त्याने तो भिंतीवर लावला आहे, डाव्या खांद्याला जरा खाचा आहेत. कांद्यांची पिशवी अजून खिळ्याला आहे, उलटीच.

पातेलं माझ्याकडे राहिलं. परवा दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले. खोकी घेऊन माणसं येणार हे ठाऊक होतं, बिल्डिंगला फुकटचं जेवण आवडतं हेही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी ते वाकड्या काठाचं पातेलं घासलं, उंबऱ्यावर ठेवलं आणि आत येऊन पाठ करून बसले. बराच वेळ काहीच नाही. जिन्यात बूट वाजले, पुलावाचा वास आला, लोकांची लगबग ऐकू आली. मला रडू येत होतं आणि स्वतःचाच राग येत होता, की कुणासाठी बसलीयेस तू इथे, या लोकांसाठी? आणि मग मागे कुणीतरी चप्पल काढली. स्टीलवर तांदूळ पडल्याचा आवाज झाला. थोडेसेच होते, फार तर मूठभर.

मी वळले नाही.